विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणात वर्ग आणि प्रस्ताव यांची ताटातूट नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातील महाविद्यालयांत प्राध्यापकांसाठी होणाऱ्या प्रशिक्षण कार्यक्रमांची पत्रके पाहिली, तर दोन विषय त्यांत हमखास आढळतात. एक सर्वसमावेशक अध्यापनाचा आणि दुसरा संशोधन प्रकल्पाच्या अनुदानासाठी प्रस्ताव कसा लिहावा याचा. पहिल्यासाठी बहुधा शिक्षणशास्त्राचे किंवा मानसशास्त्राचे वक्ते बोलावले जातात, दुसऱ्यासाठी एखाद्या राष्ट्रीय संस्थेतील शास्त्रज्ञ. दोन्ही कार्यक्रम वेगवेगळ्या महिन्यांत होतात, दोन्हींना बरेचदा तेच शिक्षक बसतात आणि दोन्हींच्या शेवटी प्रमाणपत्र मिळते. पदवी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेली एक निवृत्त शिक्षिका या नात्याने माझे म्हणणे असे, की विज्ञान शाखेपुरते तरी हे दोन विषय एकच आहेत. ते एकत्र शिकवले पाहिजेत, आणि तेही दोन दिवसांच्या व्याख्यानांतून नव्हे, तर शिक्षकाचा स्वतःचा वर्ग आणि स्वतःचा प्रस्ताव समोर ठेवून संपूर्ण शैक्षणिक वर्षभर. कारणे सविस्तर मांडायची असल्यामुळे आपल्या वाचकपत्रांच्या सदरात नेहमीपेक्षा अधिक जागा मागत आहे.

आधी वर्गात कोण बसते ते पाहू. साखळी, खांडोळा, केपे, पेडणे अशा ठिकाणी सरकारी महाविद्यालये निघाल्यापासून पणजी, मडगाव, म्हापशाला राहण्याजाण्याचा खर्च न झेपणाऱ्या घरांतील मुले, आणि त्याहूनही अधिक मुली, पदवीपर्यंत येऊ लागल्या. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांतून येणाऱ्या अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये, आणि २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा दहा टक्क्यांहून थोडा अधिक आहे. विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात तो वाटा तेवढाच दिसतो का, हे प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या हजेरीपटावरून स्वतःच ताडून पाहावे.

भाषेचा प्रश्न गोव्यात विशेष गुंतागुंतीचा आहे. पुष्कळ मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून किंवा कोकणीतून होते, पाचवीपासून माध्यम इंग्रजी होते आणि महाविद्यालयात येईपर्यंत ती इंग्रजी वाचू शकतात, पण इंग्रजीत शंका विचारू शकत नाहीत. ‘मोल’ (पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे रसायनशास्त्रातील एकक) म्हणजे काय हे माहीत असलेली मुलगी वर्गात गप्प बसते, कारण उत्तर मनात तयार असले तरी वाक्य तयार नसते. शिक्षक प्रश्न विचारतो, क्षणभर थांबतो आणि पहिल्या बाकावरच्या नेहमीच्या विद्यार्थ्याकडे वळतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणांवरून झालेल्या अभ्यासात असे दिसले होते, की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत, आणि हा थांबा तीन सेकंदांवर नेला तर उत्तरे लांबतात, त्यांत कारणमीमांसा येते आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात. दुसऱ्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्या मुलीला तीन सेकंदही अपुरेच पडतील. तिला अर्धा मिनिट देऊन आधी वहीत लिहू द्यावे, मग शेजारणीला सांगू द्यावे आणि त्यानंतर वर्गासमोर बोलू द्यावे. यासाठी एक पैसाही लागत नाही. लागते ती सवय, आणि सवय व्याख्यान ऐकून लागत नाही.

यावर काही मंडळी लगेच सुचवतात, की मराठीतून समजावून सांगा म्हणजे झाले. मी स्वतः तसे पुष्कळदा केले आहे आणि त्याचा उपयोग होतो, याबद्दल मला शंका नाही. मराठीतील परिभाषा कोश आणि विश्वकोशातील नोंदी आज कोणालाही मोबाईलवर पाहता येतात, त्यामुळे साधने नाहीत असेही म्हणता येणार नाही. पण वास्को किंवा झुआरीनगर भागातून येणाऱ्या कन्नड वा हिंदी घरांतील मुलांचे काय, आणि रोमी लिपीत कोकणी वाचत वाढलेल्या सासष्टीतील मुलांचे काय? एका गटासाठी उघडलेले दार दुसऱ्यासाठी बंद होऊ नये, म्हणून संकल्पना आधी चित्राने किंवा प्रयोगाने दाखवणे, मग मुलांना आपापल्या भाषेत एकमेकांशी बोलू देणे, आणि शेवटी परीक्षेला लागणारी इंग्रजी वाक्ये सर्वांकडून लिहून घेणे, असा क्रम मला अधिक योग्य वाटतो. कोणता क्रम कोणत्या वर्गात चालतो, हे त्या वर्गात करून पाहिल्यावरच कळते. प्रशिक्षण वर्गाला जोडलेले असावे, असे मी म्हणते ते यासाठीच.

अशा अध्यापनाने काही साध्य होते का, असा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाने विचारलाच पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात २०१४ मध्ये २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवी वर्गांत केवळ व्याख्यान असेल तर नापास होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, आणि विद्यार्थ्यांना वर्गातच सोडवायला, बोलायला, मांडायला लावले तर २१.८ टक्के, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच नियतकालिकात २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या विश्लेषणात असे दिसले, की अल्पसंख्य व गरीब घरांतील विद्यार्थी आणि इतर विद्यार्थी यांच्यातील परीक्षेच्या गुणांची दरी अशा अध्यापनाने ३३ टक्क्यांनी आणि उत्तीर्ण होण्यातील दरी ४५ टक्क्यांनी कमी झाली. हे आकडे परदेशातील वर्गांचे आहेत आणि ते जसेच्या तसे केप्याला लागू होतील असे मी म्हणत नाही. आपल्याकडचे आकडे मिळवायचे तर आपल्याच वर्गांचा पद्धतशीर अभ्यास करावा लागेल. तो अभ्यास म्हणजे एक संशोधन प्रकल्पच झाला, आणि त्याचा प्रस्ताव लिहिण्याची पात्रता महाविद्यालयीन शिक्षकाइतकी दुसऱ्या कोणाकडे असणार?

प्रयोगशाळेत शिरलो की पैशाचा प्रश्न थेट समोर येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केलेली आहेत, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे, आणि समावेशक शिक्षणाची व्याख्या करताना अध्यापनाची पद्धतच विद्यार्थ्याच्या गरजेनुसार बदलली पाहिजे, असे कायदा म्हणतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये याविषयी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे व मानके प्रसिद्ध केली. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उतार बांधला, की समावेशकता पूर्ण झाली असे मानले जाते. चाकाच्या खुर्चीतील विद्यार्थी उतारावरून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत येतो, आणि आत उभे राहून काम करण्याच्या उंचीचा दगडी ओटा असतो. ब्युरेटचे, म्हणजे द्रव मोजून सोडणाऱ्या उभ्या नळीचे, वाचन डोळ्यांच्या पातळीवर घ्यायचे असते, ते तो बसून घेणार कसे?

टायट्रेशनचेच, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने मिसळून प्रमाण काढण्याच्या प्रयोगाचे, उदाहरण पुढे नेते. मिथाइल ऑरेंज हा दर्शक, म्हणजे रंग बदलून अभिक्रिया पूर्ण झाल्याचे दाखवणारा पदार्थ, आम्लात लालसर आणि अल्कलीत पिवळा दिसतो. लाल-हिरव्या रंगांतील फरक नीट न ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला हा अंत्यबिंदू पकडणे फार अवघड जाते, आणि असे विद्यार्थी मुलांमध्ये मुलींपेक्षा खूप अधिक असतात. त्यातल्या अनेकांना आपला दोष माहीतही नसतो. शिक्षक त्याला निष्काळजी ठरवतो, मुलगा शेजाऱ्याचे वाचन उतरवून घेतो आणि जर्नल पूर्ण होते. उपाय साधा आहे. दर्शकाऐवजी आम्लता मोजणारा पीएच मीटर वापरून आलेख काढायचा, आणि तोच प्रयोग सगळ्या वर्गाला द्यायचा, म्हणजे कोणी वेगळा पडत नाही आणि सर्वांचेच रसायनशास्त्र पक्के होते. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून प्रतिमा पडद्यावर दाखवणे, रसायनांच्या बाटल्यांवर मोठ्या ठळक अक्षरांची लेबले लावणे, एक ओटा कमी उंचीचा करून घेणे, वाचन बोलून दाखवणारा वजनकाटा किंवा तापमापक घेणे, या सगळ्यांचा खर्च संशोधनाच्या यंत्रसामग्रीच्या मानाने किरकोळच. तरीही तो महाविद्यालयाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात बसत नाही, कारण तिथे काचेची उपकरणे आणि रसायने यांच्यापलीकडचे रकानेच नसतात. मग बाहेरचे अनुदान आणावे लागते आणि त्यासाठी प्रस्ताव लिहावा लागतो. समावेशक अध्यापनाच्या कार्यशाळेतून उत्साहाने परतलेल्या शिक्षकाला हे पुढचे पाऊल कोणी शिकवत नाही, आणि प्रस्ताव लेखनाच्या कार्यशाळेत कमी उंचीच्या ओट्याचा विषय निघत नाही.

अमेरिकेतील सामुदायिक महाविद्यालयांचा अनुभव या ठिकाणी उपयोगी पडण्यासारखा आहे. ही दोन वर्षांची, कमी शुल्काची आणि प्रवेशासाठी चाळण न लावणारी महाविद्यालये असून १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे त्यांची सुरुवात झाली. तिथले शिक्षक आपल्या तालुक्यातील शिक्षकांप्रमाणे मुख्यतः शिकवण्यासाठीच नेमलेले असतात आणि संशोधनाची यंत्रणा त्यांच्या हाताशी नसते. १९९२ च्या कायद्यानुसार तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने याच महाविद्यालयांना पुढे ठेवून तांत्रिक शिक्षणासाठी एक अनुदान कार्यक्रम सुरू केला. पण पैसे ठेवले म्हणून प्रस्ताव आपोआप येत नाहीत. ज्या महाविद्यालयांना अर्जाचा सराव होता तीच पुन्हा पुन्हा अर्ज करत आणि नवी बाहेर राहत. म्हणून २०१२ पासून ‘मेंटॉर-कनेक्ट’ नावाचा उपक्रम चालू झाला. त्यात नव्या महाविद्यालयातील शिक्षकांच्या लहान गटाला असे अनुदान पूर्वी मिळवून राबवलेला एक अनुभवी मार्गदर्शक मिळतो, काही महिने तो त्यांच्या मसुद्यावर त्यांच्याबरोबर काम करतो, आणि अखेरीस खरा प्रस्ताव खऱ्या मुदतीत सादर होतो.

त्या प्रतिष्ठानाने १९९७ मध्ये परीक्षणाचे निकष बदलले, तेव्हापासून प्रत्येक प्रस्ताव दोन कसोट्यांवर तपासला जातो. त्यातील बौद्धिक मोल किती, ही एक, आणि त्याचा समाजाला व्यापक लाभ काय, ही दुसरी. दुसऱ्या कसोटीचे उत्तर लिहिताना आपल्या वर्गातील कोणती मुले मागे पडतात, का पडतात आणि या पैशातून त्यांच्यासाठी नेमके काय बदलणार आहे, हे शिक्षकाला विचारात घ्यावे लागते. ज्याने आपल्या वर्गाकडे नीट पाहिले आहे त्याचा हा भाग सकस उतरतो, इतरांचा शब्दबंबाळ होतो. एप्रिल २०२५ पासून त्याच प्रतिष्ठानाने विविधता आणि समावेश यांच्याशी जोडलेली अनेक चालू अनुदाने मध्येच रद्द केली, हेही नमूद केले पाहिजे. तिकडचे सगळेच आदर्श मानण्याचे कारण नाही. आपल्याकडे मात्र दिव्यांगांच्या बाबतीतील जबाबदारी संसदेच्या कायद्याने आलेली आहे आणि ती सरकारच्या मर्जीवर अवलंबून नाही, एवढा आपला पाया अधिक भक्कम म्हणता येईल.

आता आपल्या देशातील पैशाकडे वळते. एकेकाळी महाविद्यालयीन शिक्षकाचा पहिला प्रकल्प म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा लघु संशोधन प्रकल्प असे. रक्कम मोठी नव्हती, पण अर्ज सुटसुटीत होता आणि तेवढ्यावर एक शिक्षक दोन वर्षे सन्मानाने काम करू शकत असे. बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर ती वाट बंद झाली आणि तिच्या तोडीची दुसरी वाट निघाली नाही, ही मला धोरणाची ठळक चूक वाटते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना २००८ पासून आहे. ती पदवीच्या प्रयोगशाळा आणि प्रात्यक्षिके सुधारण्यासाठीच आखलेली असल्याने वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी तिच्यात बसू शकतात. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची पायाभूत सुविधांसाठीची फिस्ट योजना २००० पासूनची आहे. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने (सर्ब) महाविद्यालयीन शिक्षकाला आपली नोकरी न सोडता दरवर्षी काही काळ एखाद्या राष्ट्रीय संस्थेत संशोधन करता यावे, यासाठी टेअर नावाची योजना आखली होती. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात ते मंडळ आता विलीन झाले आहे. या नव्या प्रतिष्ठानाच्या पाच वर्षांच्या ५०,००० कोटी रुपयांच्या उद्दिष्टाची बरीच चर्चा झाली, परंतु त्यातला मोठा भाग सरकारबाहेरून यावयाचा आहे; आणि मोठ्या संस्थांनी लहानांना बरोबर घ्यावे यासाठी आखलेल्या पेअर कार्यक्रमाचा पहिला टप्पाही विद्यापीठे आणि काही राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्था यांच्यापुरताच ठेवला गेला. तालुक्याचे महाविद्यालय त्या साखळीत कुठे बसते, हे शोधण्यासाठी भिंग लागेल. समाजाला लाभ काय, हा प्रश्न मात्र आपल्याकडेही आला आहे. २०२२ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने वैज्ञानिकांच्या सामाजिक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांचा आशय तोच आहे.

प्रस्ताव फेटाळले जातात त्याची कारणे बहुधा लेखनातच असतात. सहकाऱ्यांचे अनेक मसुदे मी वाचले आहेत. मथळा ‘गोव्यातील जलस्रोतांच्या गुणवत्तेचा अभ्यास’ असा अवाढव्य, उद्दिष्टे आठ, पहिल्याच पानावर हव्या असलेल्या यंत्राची किंमत, आणि पद्धतीच्या जागी पाठ्यपुस्तकातील उतारा. हा प्रस्ताव कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधतो आहे, असे विचारले की लेखक क्षणभर गोंधळतो. त्याऐवजी डिचोली किंवा सत्तरीतील एखाद्या गावात, खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या शेतांलगतच्या विहिरींत पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर लोह व मॅंगनीज यांचे प्रमाण किती बदलते, असा एकच नेमका प्रश्न घेतला तर काय होते ते पाहावे. लोहाचे मापन फिनँथ्रोलिनने येणाऱ्या नारिंगी-लाल रंगावरून, तर मॅंगनीजचे त्याचे परमँगनेट करून येणाऱ्या जांभळ्या रंगावरून साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर करता येते, आणि तो बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत असतो. रंगाची तीव्रता यंत्र वाचते, त्यामुळे रंगांतील फरक न ओळखणाऱ्या मघाच्या विद्यार्थ्याचीही अडचण होत नाही. नमुने गोळा करण्यासाठी त्याच गावातून वर्गात येणारे विद्यार्थी असतात. कोणती विहीर उन्हाळ्यात आटते, कोणत्या विहिरीचे पाणी कपड्यांना डाग पाडते, खाण चालू असताना काय होते आणि २०१२ मध्ये ती बंद पडल्यावर काय बदलले, हे त्यांच्या घरी माहीत असते. वर्गात इंग्रजीमुळे गप्प राहणारी मुलगी इथे संशोधन गटातली सर्वांत जाणकार व्यक्ती ठरते. खाजन शेतीत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत) मानशीतून, म्हणजे बांधातील पाण्याच्या दारातून, आत येणाऱ्या खाऱ्या पाण्याचे मोजमाप, खारेपणा सोसणाऱ्या कोरगुट भाताची उगवण, असे कितीतरी प्रश्न बार्देश, तिसवाडी, सासष्टीच्या महाविद्यालयांसाठी त्यांच्या दारात आहेत.

याला आता कालमर्यादाही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम गोव्यात २०२३-२४ पासून लागू झाला, म्हणजे त्याची पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षात येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय घेता येतो आणि त्यात १२ श्रेयांकांचा प्रकल्प करावा लागतो. या प्रकल्पांसाठी रसायने, नमुने, प्रवास यांचा खर्च कोण देणार, हा प्रश्न प्राचार्यांच्या बैठकांत निघतच असेल. मला अधिक काळजी ७५ टक्क्यांच्या अटीची वाटते. पहिल्या वर्षी ज्याला व्याख्यान कळले नाही, ज्याने जर्नल उतरवून काढले, तो सहाव्या सत्रापर्यंत त्या रेषेच्या खालीच राहणार. शिक्षकाने मोठ्या मेहनतीने अनुदान आणले, तरी त्या प्रकल्पावर काम करायला येणारी मुले तीच असतील ज्यांच्यासाठी वर्ग आधीपासूनच सोयीचा होता. वेळीप समाजाच्या विहिरींवरचा प्रकल्प असेल आणि गटात त्या समाजाचा एकही विद्यार्थी नसेल. पहिल्या सत्रातील अध्यापन आणि चौथ्या वर्षातील अनुदान यांचा संबंध इतका सरळ आहे.

मग प्रशिक्षण कसे असावे? आज त्यासाठीची चौकट अस्तित्वात आहे. पूर्वीच्या मानव संसाधन विकास केंद्रांचे २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रांत रूपांतर झाले आणि गोवा विद्यापीठातही असे केंद्र आहे. त्या कार्यक्रमाच्या आठ विषयांत विद्यार्थ्यांची विविधता व समावेशक शिक्षण हा एक आणि संशोधन व विकास हा दुसरा, असे दोन्ही विषय आहेतच. उणीव आहे ती त्यांना जोडण्याची आणि कालावधीची. शिक्षक हे अभ्यासक्रम पदोन्नतीसाठी करतात, यात गैर काही नाही. पण अनेकदा ऑनलाइन व्याख्यान एका खिडकीत चालू असते आणि दुसऱ्या खिडकीत उत्तरपत्रिकांचे गुण भरले जात असतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

माझी सूचना अशी. उच्च शिक्षण संचालनालयाने आणि विद्यापीठाने मिळून दरवर्षी विज्ञान शाखेचे मोजकेच शिक्षक निवडावेत, आणि ते एकेकटे न घेता एका महाविद्यालयातून दोन असे घ्यावेत, कारण एकटा शिक्षक परत जाऊन जुन्या रुळावर येतो. पहिल्या सत्रात प्रत्येकाने आपल्याच एका वर्गात एक बदल करावा, सहकाऱ्याने तो वर्ग मागे बसून पाहावा, आणि कोणत्या विद्यार्थ्यांना काय जमले याची नोंद ठेवावी. कोण मागे पडले, कुठे अडले आणि काय केल्यावर फरक पडला, ही नोंदच पुढच्या प्रस्तावाचा पहिला भाग होईल. दुसऱ्या सत्रात त्या नोंदीवरून प्रस्ताव लिहावा आणि तो खरोखर सादर करावा. मार्गदर्शक शोधायला गोव्याबाहेर जाण्याची गरज नाही. दोनापावल येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, जुने गोवे येथे किनारी कृषी संशोधन संस्था आहे, झुआरीनगरला बिट्स, कुंकळ्ळीला एनआयटी, फर्मागुडीला आयआयटी आणि ताळगावला स्वतः विद्यापीठ आहे. एवढ्या लहान राज्यात इतक्या संशोधन संस्था असताना काणकोणच्या शिक्षकाने मसुदा दाखवण्यासाठी महिन्यातून एकदा तरी कोणाकडे जावे, हे अशक्य नाही. फक्त तो दिवस त्याच्या रजेतून वजा होता कामा नये. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असते. त्यातील दोन-तीन तास प्रशिक्षणाच्या वर्षापुरते कमी करावेत. हे न करता मार्गदर्शक नेमले, तर सगळे पुन्हा रात्री अकरानंतरच्या कामात जमा होईल.

लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, काम करणाऱ्या शिक्षकांना या योजनेत मुद्दाम स्थान द्यावे, असा माझा आग्रह आहे. पहिल्या वर्षाचे अनेक वर्ग आणि प्रात्यक्षिके प्रत्यक्षात तेच घेतात. बहुतेक अनुदान योजना कायम नोकरीची अट घालतात, म्हणून त्यांना मुख्य संशोधक होता येत नाही. पण सहकारी म्हणून त्यांचे नाव प्रस्तावात येऊ शकेल अशा योजना निवडता येतील, आणि राज्याने स्वतःचे छोटे बीज-अनुदान ठेवले तर त्याच्या अटी ठरवणे राज्याच्याच हातात आहे. असे बीज-अनुदान लाख-दोन लाखांचे असले तरी पुरे. पीएच मीटर, नमुन्यांच्या बाटल्या आणि विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च तेवढ्यात भागतो, आणि पुढच्या मोठ्या प्रस्तावात दाखवायला सुरुवातीची आकडेवारी तयार होते.

शेवटची गोष्ट कार्यालयाची, आणि ती कोणत्याही कार्यशाळेत सांगितली जात नाही. अनुदान मिळाल्यावर जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून खरेदी, पीएफएमएस या सरकारी निधीच्या हिशेब प्रणालीवरील नोंदी, आर्थिक वर्ष संपण्याआधी खर्च, उपयोगिता प्रमाणपत्र आणि त्यावर लेखापरीक्षकाची सही हे सगळे येते. मार्चच्या तोंडावर आलेला हप्ता वेळेत खर्च न झाल्यामुळे परत गेल्याची उदाहरणे शिक्षकांच्या खोलीत ऐकायला मिळतात, आणि ती ऐकून इतर शिक्षक अर्जच करत नाहीत. दोष कारकुनाचा नसतो. त्याला असा हिशेब कधी कोणी दाखवलेलाच नसतो. म्हणून निवडलेल्या दोन शिक्षकांबरोबर त्या महाविद्यालयातील लेखा विभागाचा एक कर्मचारीही दुसऱ्या सत्रातील बैठकांना बोलवावा, त्याला त्या दिवसाचा प्रवासभत्ता द्यावा, आणि प्रस्तावाचे अंदाजपत्रक त्याच्यासमोर बसूनच तयार करावे. संचालनालयाने परिपत्रक काढले, तर येत्या सत्रापासून एवढे तरी सुरू होऊ शकेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
डिचोली